आतला रस्ता किती रुंद हवा? स्टोरेज क्लस्टरसाठी नेटवर्क निवडताना

मागच्या भागात बोलता बोलता मी एक वाक्य टाकून गेले होते, की आमच्या लॅबमधला एक प्रयोग नेटवर्कमुळे वाया गेला. रेकॉर्डिंगची वेळ संपत आली होती, म्हणून तो विषय तिथेच सुटला. नंतर बऱ्याच जणांनी विचारलं की नक्की झालं काय. त्यातल्या दोघातिघांना आपापल्या विभागात असंच काहीतरी विकत घ्यायचं आहे, म्हणून हा लेख. यात आकडेमोड आहे, पण ती सातवीच्या गणितापलीकडे जात नाही.

तर आमची लॅब इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात आहे आणि आमच्याकडे एक लाइट-शीट मायक्रोस्कोप आहे. झेब्राफिश हा बोटभर लांबीचा मासा. त्याचा गर्भ पारदर्शक असतो, त्यामुळे तो जिवंत असतानाच त्याचं हृदय कसं घडत जातं ते तासन्‌तास बघता येतं. कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये २०४८ गुणिले २०४८ पिक्सेल आणि प्रत्येक पिक्सेलला २ बाइट, म्हणजे एक फ्रेम साधारण ८.४ मेगाबाइटची. सेकंदाला १०० फ्रेम घेतल्या तर ८४० मेगाबाइट. एवढ्या वेगाने आम्ही सतत घेत नाही, मधेमधे थांबतो, त्यामुळे सरासरी सेकंदाला ३०० मेगाबाइटच्या आसपास पडते. तरीही अठरा तासांच्या एका प्रयोगात १९ टेराबाइटच्या वर डेटा जमा होतो. असा डेटा एका मशीनमध्ये मावत नाही. मावला तरी ते मशीन बिघडलं की सगळंच गेलं. म्हणून तो अनेक सर्व्हरवर वाटून ठेवावा लागतो.

आम्ही त्यासाठी सेफ वापरतो. सेफॅलोपॉड, म्हणजे ऑक्टोपस-माकूळ यांचा वर्ग, त्यावरून हे नाव पडलं. सेज वाइल यांनी सांता क्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पीएचडी करताना हे बनवलं आणि त्यावरचा मुख्य शोधनिबंध २००६ साली आला. पीएचडीच्या कामातून निघालेली गोष्ट वीस वर्षांनी जगभर रोजच्या वापरात असणं हे तसं विरळाच, असो. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्येही सेफ आहे. त्याची गंमत अशी की कुठला डेटा कुठे ठेवलाय याचं एकच मोठं रजिस्टर कुठेही नसतं. नावावरून जागेचं गणित करता येतं आणि ते गणित प्रत्येकाला येत असतं. त्यामुळे मधे कुणी कारकून लागत नाही, सगळे एकमेकांशी थेट बोलतात. आणि सगळे एकमेकांशी बोलतात म्हणूनच त्यांच्यामधला रस्ता महत्त्वाचा ठरतो.

सेफमध्ये दोन रस्ते वेगळे ठेवता येतात. बाहेरचा, ज्यावरून मायक्रोस्कोप आणि माणसं येतात, आणि आतला, ज्यावरून सर्व्हर आपापसात डेटा हलवतात. चार वर्षांपूर्वी क्लस्टर उभं करताना बाहेरचा रस्ता मी १० गिगाबिटचा घेतला. आतल्यासाठी सर्व्हरच्या मदरबोर्डवर फुकट आलेला १ गिगाबिटचा पोर्ट वापरला. आतलंच तर आहे, चालेल! हा शहाणपणा सर्वस्वी माझा.

पुढचं समजायला एक खुलासा हवा. नेटवर्कवाले बिटमध्ये बोलतात, डिस्कवाले बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे १ गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट जातात, १० गिगाबिटमधून १.२५ गिगाबाइट. कोटेशन वाचताना हा आठाचा भागाकार विसरला की सगळंच स्वस्त आणि मस्त वाटायला लागतं.

आमचे ८ सर्व्हर, प्रत्येकात १६ टेराबाइटच्या १२ फिरत्या डिस्क. डेटाच्या तीन-तीन प्रती ठेवायच्या तर तिप्पट जागा लागते, ती परवडणारी नव्हती. म्हणून आम्ही प्रत्येक वस्तूचे ४ तुकडे करतो आणि त्यांच्यावरून गणिताने आणखी २ जादा तुकडे बनवतो. सहाही तुकडे सहा वेगळ्या सर्व्हरवर जातात. कुठलेही ४ मिळाले तरी मूळ डेटा परत जुळवता येतो. यात जागा तिप्पटऐवजी दीडपटच लागते. मायक्रोस्कोपकडून आलेला डेटा आधी एका सर्व्हरकडे जातो. तो एक तुकडा स्वतःकडे ठेवतो, उरलेले पाच इतरांना पाठवतो आणि त्यांचे होकार आले की मगच 'लिहिलं' म्हणतो. म्हणजे बाहेरून ३०० मेगाबाइट आले की आतल्या रस्त्यावर ३७५ मेगाबाइट धावतात. आठ सर्व्हरमध्ये वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला ४७. रस्ता १२५ चा आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त मोकळाच! दोन वर्षं हा आकडा बघून मी निवांत होते.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी एका सर्व्हरचा मदरबोर्ड गेला. त्या वेळी आमच्या लॅबमधली पीएचडीची एक विद्यार्थिनी अठरा तासांचा प्रयोग लावून घरी गेलेली.

एखादा सर्व्हर गप्प झाला की सेफ ठरलेल्या सेटिंगनुसार १० मिनिटं वाट बघतं आणि मग त्याचे हरवलेले तुकडे उरलेल्यांवर पुन्हा बनवायला घेतं. खरा खेळ इथे आहे. क्लस्टर ६० टक्के भरलेलं होतं, म्हणजे गेलेल्या सर्व्हरवर साधारण ११५ टेराबाइट होते. हरवलेला एक तुकडा परत बनवायचा तर चार तुकडे एका ठिकाणी आणावे लागतात. त्यातला एक तिथेच असतो, तीन नेटवर्कवरून येतात आणि बनलेला नवा तुकडा त्याच्या नव्या घरी नेटवर्कवरूनच जातो. ढोबळमानाने हरवलेल्याच्या चौपट वाहतूक. ११५ चे झाले ४६०. उरलेल्या सात सर्व्हरमध्ये वाटले तर प्रत्येकी ६६ टेराबाइट. १ गिगाबिटच्या तारेतून, दुसरं काहीही न करता, पूर्ण वेगाने गेले तरी याला सहा दिवस लागतात.

सहा दिवस लागले असते तर एक वेळ चाललं असतं. पण सर्व्हर एकमेकांना 'आहेस का?' असंही विचारत असतात, दर ६ सेकंदांनी. वीस सेकंद उत्तर आलं नाही की शेजारी तक्रार करतात की हा गेला. ही हाक आतल्या रस्त्यावरूनही जाते. रस्ता तुंबला, हाका अडकल्या आणि धडधाकट डिस्कना मेलेलं ठरवलं जाऊ लागलं. मेलेलं ठरवलं की आणखी तुकडे हरवले असं समजून आणखी काम. तोवर ती डिस्क ओरडून सांगते की मी जिवंत आहे, मग पुन्हा हिशेब. त्यात सहापैकी पाचपेक्षा कमी तुकडे हाताशी असले तर सेफ त्या भागावरचं वाचणं-लिहिणं थांबवतं, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर डेटाच खराब होईल. एक सर्व्हर खरा मेलेला, त्यावर एखादी डिस्क खोटी मेलेली, की झाले चार. मायक्रोस्कोपच्या कॉम्प्युटरमध्ये २ टेराबाइटची तात्पुरती जागा होती, ती दोन तासांत भरली आणि अकराव्या तासाला चित्रण बंद पडलं. गर्भ काही थांबत नाही. हृदयाच्या नळीला वळण पडतानाचे नेमके तास गेले. ते मासे एका खास संकरातले होते आणि झेब्राफिश वाढून अंडी द्यायला लागेपर्यंत साधारण तीन महिने जातात.

सोमवारी तिने मला काहीच म्हटलं नाही. ते जास्त लागलं.

नवीन नेटवर्कसाठी पैसे मिळाले तेव्हा प्रत्येकाकडे एक सल्ला होता. विक्रेत्याचं कोटेशन १०० गिगाबिटचं. शेजारच्या संगणन गटाकडे ५६ गिगाबिटची जुनी इन्फिनिबँड कार्डं निघणार होती, जवळजवळ फुकट. आणि इंटरनेटवर वापरलेली ४० गिगाबिटची कार्डं कवडीमोलाने मिळतात, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं.

मी या वेळी नेटवर्कऐवजी आधी डिस्क मोजल्या. एक फिरती डिस्क सलग वाचताना सेकंदाला १५० ते २५० मेगाबाइट देते. बाराच्या बारा डिस्कनी १५० ने सलग दिलं, तरी एका सर्व्हरचे होतात १.८ गिगाबाइट, म्हणजे १४ गिगाबिटच्या थोडं वर. आणि सलग वाचणं ही चैन फार क्वचित मिळते. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी मारायला ८ मिलिसेकंद लागतात. इकडचं थोडं तिकडचं थोडं वाचायचं म्हटलं की वेग कोसळतो. म्हणजे आमच्या सर्व्हरला १० गिगाबिट थोडे कमी आणि २५ पुरेसे. १०० घेतले तर आठ पदरी रस्ता थेट बैलगाडीच्या वाटेला जोडल्यासारखं झालं असतं.

हाच हिशेब तुमच्याकडे उलटा येऊ शकतो, म्हणून माझा आकडा उचलू नका. आजची एक चांगली एनव्हीएमई डिस्क सेकंदाला ७ गिगाबाइट वाचून देते. तशा दोनच डिस्क एका सर्व्हरमध्ये असल्या तरी १०० गिगाबिटची तार भरून जाते, कारण तिची मर्यादा १२.५ गिगाबाइट. फक्त फ्लॅशचं क्लस्टर असेल तर १०० ही चैन नाही, ती सुरुवात आहे.

आता इन्फिनिबँड. याचा मोह मला सगळ्यात जास्त झाला. १९९९ साली दोन प्रतिस्पर्धी प्रस्ताव एकत्र करून ते जन्माला आलं. इस्राएलची मेलानॉक्स ही कंपनी त्यातली प्रमुख. २०२० मध्ये ती एनव्हीडियाने विकत घेतली, साधारण ७ अब्ज डॉलरला. त्याचं बलस्थान फक्त वेग नाही, विलंब हे आहे. एका मशीनच्या मेमरीतून दुसरीच्या मेमरीत, मधल्या प्रोसेसरला फारसा न उठवता, साधारण एका मायक्रोसेकंदात निरोप पोचतो. साध्या इथरनेटवर नेहमीच्या पद्धतीने याला काही दहा मायक्रोसेकंद लागतात. ऐकायला मोठा फरक आहे.

पण पुण्याहून मुंबईला जाताना एक्सप्रेसवेवर तुम्ही किती जोरात गेलात याने काय फरक पडतो, जर दीड तास चेंबूरच्या ट्रॅफिकमध्येच जाणार असेल? सेफमध्ये एक छोटं लिखाण पूर्ण व्हायला फ्लॅशवरसुद्धा साधारण मिलिसेकंदाच्या पातळीवरचा वेळ लागतो आणि त्यातला बराचसा खुद्द सेफच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. फिरत्या डिस्कवर तर विचारूच नका. तिथे नेटवर्कचे तीस-चाळीस मायक्रोसेकंद वाचवून कुणाला कळणारही नाही. त्यात सेफ मुळात साध्या टीसीपीवर बोलतं. मेमरी ते मेमरी पद्धतीचा त्याचा आधार प्रायोगिकच राहिला आहे. मग इन्फिनिबँडवर साधं आयपी चालवायचं, म्हणजे ज्याच्यासाठी ते घेतलं तो गुण बराचसा बाजूला ठेवायचा. शिवाय त्याचा स्विच वेगळा, मार्ग आखून देणारा व्यवस्थापक प्रोग्राम वेगळा चालवावा लागतो, मायक्रोस्कोपचा कॉम्प्युटर इथरनेटवरच, म्हणजे मधे दुभाषा आला. जुन्या कार्डांचा आधार नव्या ड्रायव्हरमधून काढून टाकला जातो, ते वेगळंच. फुकटची म्हैस दारात बांधायची, पण वैरणीचं काय?

लस्टरसारखी फाइल सिस्टीम असेल, जी ही भाषा मुळातूनच बोलते, किंवा शेकडो मशीनवर एकच गणित चालत असेल, तर इन्फिनिबँडला तोड नाही. शेजारच्या गटाने तेच केलंय आणि बरोबर केलंय. त्यांचं काम वेगळं आहे, एवढंच.

'मग तेच तंत्र इथरनेटवर चालवा की' असंही कुणी सुचवतं. ते चालतं, त्याला रॉकी म्हणतात. पण त्याला असं नेटवर्क लागतं जिथे पॅकेट जवळजवळ हरवतच नाही. त्यासाठी स्विच मागच्याला 'थांब' म्हणतो, तो त्याच्या मागच्याला. घाटात पुढच्या ट्रकने ब्रेक दाबला की रांग कुठवर मागे जाते ते आपल्याला माहीत आहे. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी २०१६ मध्ये आपल्या डेटा सेंटरमधला याचा अनुभव सविस्तर लिहिला. 'थांब'चं वादळ, एकमेकांची वाट बघत अडकलेले स्विच, सगळं त्यात आहे. त्यांच्याकडे ते निस्तरायला अख्खी टीम होती. आमच्याकडे शनिवारी फोन उचलणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे मी.

४० गिगाबिटबद्दल थोडक्यात. ती खरं म्हणजे १० च्या चार वाटा एकत्र बांधलेली आहे. १०० म्हणजे २५ च्या चार वाटा. २०१६ साली २५ चं प्रमाण ठरल्यापासून पुढची वाढ त्याच पायरीवरून होत गेली आणि ४० ची शाखा खुंटली. कार्डं स्वस्त मिळतात ती त्यामुळेच. घरी हौस म्हणून वापरायला उत्तम.

शेवटी आम्ही घेतलं ते साधं २५ गिगाबिटचं इथरनेट. प्रत्येक सर्व्हरला दोन पोर्ट, दोन वेगळ्या स्विचना जोडलेले आणि दोन्ही मिळून एकच रस्ता. आतला-बाहेरचा हा भेद काढूनच टाकला. सेफचे दस्तऐवजही आता हेच सुचवतात, की दोन वेगळी नेटवर्क ठेवून गुंता वाढवण्यापेक्षा दोन्ही तारा एकत्र बांधा. एक तार गेली तरी काम चालू राहतं. हे जास्त मोलाचं. दोन तारा बांधल्या म्हणजे वेग ५० झाला असं मात्र नाही. एका संभाषणाची सगळी पॅकेट एकाच तारेवरून जातात, त्यामुळे एकेकटा संवाद २५ च्या पुढे जात नाही. सेफमध्ये एकाच वेळी शेकडो संवाद चालू असतात, म्हणून तिथे वाटणी बरी होते. ती पोर्ट क्रमांक धरून करायला सांगावी लागते, नुसत्या पत्त्यावरून केली तर सगळे एकाच तारेवर जाऊन बसू शकतात.

स्विच निवडताना मी वेगापेक्षा एक वेगळी गोष्ट विचारली: बफर किती? एक तुकडा बनवायला तीन ठिकाणांहून तुकडे एकदम एकाच दारात येतात. दार एकच, त्यामुळे उरलेल्यांना क्षणभर ओसरीवर थांबावं लागतं. ओसरी लहान असेल तर पॅकेट टाकलं जातं. लिनक्सवर त्याची वाट बघून पुन्हा पाठवण्याची किमान मुदत सहसा २०० मिलिसेकंद. जिथे सगळा व्यवहार मायक्रोसेकंदात चालतो तिथे हे युग आहे. विक्रेत्याला हा प्रश्न विचारला की तो थोडा गडबडतो, पण विचारा.

बसवताना दोन दिवस खाल्ले ते किरकोळ गोष्टींनी. २५ च्या वेगाला तारेतल्या चुका दुरुस्त करायची एक सोय असते. कार्ड आणि स्विच यांच्यात ती कुठली वापरायची यावर एकमत नसेल तर दिवाच लागत नाही, आणि माणूस तारा बदलत बसतो. दुसरं म्हणजे पॅकेटचा आकार. नेहमीचे १५०० बाइट सोडून आम्ही ९००० ठेवले. एका स्विचच्या एका पोर्टवर ते राहून गेलं. परिणाम फसवा असतो: छोटे निरोप आरामात जातात, त्यामुळे वरवर सगळं ठीक दिसतं. मोठा डेटा मात्र मुकाट्याने अडकतो. म्हणून प्रत्येक सर्व्हरवरून दुसऱ्या प्रत्येकाला ८९७२ बाइटचा पिंग, तुकडे करायला मनाई करून, पाठवून बघा. उरलेले २८ बाइट पत्ते-शिक्क्यांचे.

हे सगळं झाल्यावर आमच्या विभागाच्या नेटवर्क इंजिनिअरांनी सुचवलं की आता एक सर्व्हर मुद्दाम मारून बघू. कामाच्या दिवशी, सगळे जागेवर असताना. एका मंगळवारी सकाळी मायक्रोस्कोपखाली माशाऐवजी चमकणारे मणी ठेवले, चित्रण सुरू केलं आणि मी जाऊन एका सर्व्हरच्या दोन्ही पॉवर केबल ओढल्या. हात थोडा थरथरला, खोटं कशाला बोलू.

चित्रण थांबलं नाही. एकाही जिवंत डिस्कला कुणी मेलेलं ठरवलं नाही. हरवलेले सगळे तुकडे परत बनायला साधारण दीड दिवस लागला. नेटवर्कचा आलेख बघितला तर प्रत्येक सर्व्हरवर सरासरी ४ गिगाबिट, मधूनच १४ पर्यंत उड्या. त्याच्या वर काही नाही, पुढे डिस्कच संपल्या. काटेकोर बोलायचं तर सरासरी बघता १० गिगाबिटमध्येही हे निभावलं असतं, फक्त त्या उड्यांच्या वेळी मायक्रोस्कोपला आणि त्या हाकांना जागा उरली नसती. दोन्हींच्या किमतीतला फरक आमच्या एकूण खर्चात फारसा नव्हता, म्हणून २५ घेतल्याचं मला वाईट वाटत नाही. १०० घेतले असते तर वाटलं असतं. त्या वाचलेल्या पैशांतून एक नववा सर्व्हर आला आणि मायक्रोस्कोपच्या कॉम्प्युटरची तात्पुरती जागा २ वरून १६ टेराबाइट झाली. कॅमेऱ्याच्या सरासरी वेगाने ती भरायला चौदा-पंधरा तास लागतात.

त्या विद्यार्थिनीने पुढच्या महिन्यात प्रयोग पुन्हा लावला आणि तो अठराचे अठरा तास चालला. अजूनही शुक्रवारी प्रयोग लावायचा असला की ती आधी माझ्या टेबलाशी येते आणि सगळे सर्व्हर ठीक आहेत ना, एवढंच विचारते. मग मी तिच्यासमोरच आलेख उघडून बघते.